पदव्या देणारे आपणच

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)

अध्यक्ष आणि मित्रहो,

भाषणाची सुरुवात ‘अध्यक्ष महाराज’ अशी करावी, ही आपली जुनी रीत आहे. विधिमंडळातही ती चालत आली आहे. आजचा विषय वंशपरंपरागत पदव्यांचा असल्यामुळे त्यातला ‘महाराज’ हा शब्द मी तेवढा गाळला आहे. अध्यक्षांनी त्यात अनादर मानू नये.

महागाई, बेकारी, पाणी आणि जमीन असे प्रश्न समोर असताना राजे, सरदार, श्रीमंत, देशमुख या शब्दांवर तासभर कशाला घालवायचा, असे काहींना वाटेल. संस्थाने गेली, तनखे गेले, वतने गेली. आता उरले ते नुसते शब्द, असेही कोणी म्हणेल. परंतु समाजात जो शब्द टिकतो तो काही तरी काम करत असतो म्हणूनच टिकतो. ते काम कोणते, हे पाहण्यासाठी आधी या शब्दांचे मूळ तपासले पाहिजे.

पदवी म्हणजे कामाचे नाव

मूळ शोधू लागलो की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की बहुतेक सर्व पदव्या मुळात कामांची नावे आहेत. देशमुख हा परगण्याचा प्रमुख. वसूल व बंदोबस्त ही त्याची जबाबदारी. देशपांडे परगण्याचे हिशेब लिहिणारा. चिटणीस पत्रे लिहिणारा, पोतनीस खजिना सांभाळणारा, सरनोबत घोडदळाचा प्रमुख. प्रतिनिधी, अमात्य, सचिव ही राज्यकारभारातली पदे. नागपूरच्या भोसल्यांची ‘सेनासाहेबसुभा’ आणि बडोद्याच्या गायकवाडांची ‘सेनाखासखेल’ या भारदस्त पदव्यांच्या पोटातही सेनेची चाकरीच आहे. युरोपात वेगळे नाही. इंग्रजीतला ‘ड्यूक’ हा लॅटिनमधल्या सेनानायकवाचक शब्दातून आला, ‘काउंट’ म्हणजे राजाचा सोबती, आणि ‘मार्क्विस’ म्हणजे सरहद्दीचा रक्षक.

म्हणजे कोणीही कुलीन म्हणून जन्माला आला नव्हता. कोणी हिशेब लिहिला, कोणी घोडे राखले, कोणी सरहद्द सांभाळली. काम करणाऱ्याला मोबदला मिळावा आणि मानही मिळावा, यात गैर काही नाही. गैर सुरू झाले ते बापाचे काम मुलाकडे हक्काने जाऊ लागले तेव्हा. पुढे काम संपले आणि हक्क तेवढा राहिला, तेव्हा ते पक्के झाले. ‘सरनोबत’ राहिला, घोडदळ राहिले नाही. वंशपरंपरागत पदवीची व्याख्याच करायची तर मी अशी करीन: जिच्यामागचे काम नाहीसे झाले आहे, परंतु जिचा मोबदला चालू आहे, ती वंशपरंपरागत पदवी.

हा दोष आपल्या पूर्वजांना दिसला नव्हता असे नाही. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे गढी-वाडे पाडले, त्यांचे हक्क बांधून दिले आणि रयतेकडून मनमानी वसुली करण्यास त्यांना मज्जाव केला, असे वर्णन सभासद बखरीत आहे. लष्कराला मुलूख तोडून देण्यापेक्षा रोख वेतन देण्याकडे त्यांचा कल होता. अष्टप्रधानांची पदे त्यांच्या व्यवस्थेत वंशपरंपरागत नव्हती. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर स्वतंत्र प्रकरण आले. वतनदार हा दिसायला लहान, पण वृत्तीने राज्यातला वाटेकरीच असतो, त्याला फार ढिले सोडू नये आणि फार आवळूही नये, असा त्याचा आशय आहे. एका अनुभवी मुत्सद्द्याने दिलेला हा इशारा होता.

तरीही वतने आणि सरंजाम वाढतच गेले. औरंगजेबाशी झुंज चालू असताना राजाराम महाराजांना फौजा उभ्या करणाऱ्यांना बांधून ठेवणे भाग होते. द्यायला रोकड नव्हती, म्हणून मुलूख दिला गेला. फौज बाळगण्यासाठी दिलेला हा सरंजाम तत्त्वतः नोकरीपुरता असे. व्यवहारात तो घराण्यात मुरला. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना मिळालेली पेशवाई १७२० साली त्यांच्या मुलाकडे गेली आणि पुढे त्याच घराण्यात राहिली. राज्य अडचणीत असते तेव्हा ते भविष्यकाळ गहाण टाकते. वंशपरंपरागत पदवी हे त्या गहाणाचेच खत असते. फेडीची जबाबदारी मात्र पुढच्या पिढ्यांतल्या रयतेवर पडते.

इंग्रजांची सोय

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. सरदारांनी ज्या राज्याची चाकरी करायची ते राज्यच उरले नाही. तर्काने पाहता सरदारकीही तेथेच संपायला हवी होती. परंतु दुखावलेला सरदारवर्ग एकदम रस्त्यावर आणणे एल्फिन्स्टनला धोक्याचे वाटले. त्याने अनेकांच्या जहागिरी चालू ठेवल्या. दक्षिणेतील सरदारांची पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग अशी यादी झाली. त्यांच्या दाव्यांसाठी पुण्यास स्वतंत्र एजंट नेमण्यात आला. ज्यांच्याकडे फौज नव्हती आणि ज्यांना लढाई करायची नव्हती, अशा माणसांना सरकार ‘सरदार’ म्हणून दरबारात खुर्ची देऊ लागले. काम बदलले होते. आता काम होते ते परक्या राज्याला देशी प्रतिष्ठेचे पांघरूण पुरवण्याचे. १९०९ च्या सुधारणांनंतर मुंबईच्या कायदेमंडळात ‘दक्षिणेतील सरदार’ हा एक वेगळा मतदारसंघच होता. लाखो शेतकऱ्यांना मत नव्हते. मूठभर सरदारांना मतही होते आणि प्रतिनिधीही होता.

दुसऱ्या बाजूने, ज्यांची गरज उरली नाही त्यांचे हक्क याच सरकारने तपासायला घेतले. १८५२ मध्ये इनाम कमिशन आले, कागद मागितले गेले, आणि कागद न दाखवता आल्याने अनेकांची इनामे गेली. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये आणि नागपूरचे १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पदवी रक्तातून येते, असे पदवीधारक सांगतो. प्रत्यक्षात ती मान्यतेतून येते. वरच्या सत्तेने मान्यता दिली तर दत्तक मुलगाही राजा होतो. न दिली तर तोच मुलगा कोणी नाही.

याच काळातला एक अपवाद सांगण्यासारखा आहे. गोपाळ हरी देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले. म्हणजे वतनदाराच्या घरचाच हा माणूस. परंतु ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिताना त्यांनी जन्माने मिळालेल्या मोठेपणावर आणि आयत्या उत्पन्नावर कोरडे ओढले. पुढे सरकारने त्यांनाही पहिल्या वर्गाचे सरदार केले. आज त्यांची सरदारकी कोणाला आठवत नाही. त्यांनी स्वतः घेतलेले ‘लोकहितवादी’ हे नाव आठवते. ते नाव वारशाने कोणाला देता येत नाही.

वतनाची दुसरी बाजू

मित्रहो, वतनाची चर्चा करताना आपली नजर नेहमी वाड्याकडे जाते. ती गावकुसाबाहेरही गेली पाहिजे. वंशपरंपरा ही वरच्यांसाठी मान होती, तीच खालच्यांसाठी बेडी होती. महारांनाही ‘वतनदार’ म्हणत. थोडी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते यांच्या बदल्यात रात्रंदिवस कोणतेही सरकारी वा गावकीचे काम करायचे, आणि ते बापानंतर मुलानेही करायचे, असे ते वतन. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. देशमुखाचे वतन म्हणजे काम न करता उत्पन्न आणि महाराचे वतन म्हणजे उत्पन्नाच्या मानाने कितीतरी अधिक काम. शब्द मात्र दोघांना एकच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. त्याआधी १९१८ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनेही रद्द केली. बाकीच्या महाराष्ट्राला त्यासाठी स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, वैयक्तिक इनामे १९५२ च्या आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तेथील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या. त्याच संस्थानच्या तेलंगणा भागात ‘देशमुख’ या शब्दाचा अर्थ वेठबिगार घेणारा जमीनदार असा झाला होता, आणि १९४६ ते १९५१ या काळात तेथल्या शेतकऱ्यांना त्याविरुद्ध शस्त्र उचलावे लागले.

कायदे झाले, परंतु त्यांचे फळ सर्वांना सारखे मिळाले नाही. रद्द केलेल्या वतनांच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून बहुधा पूर्वीच्या वतनदारांनाच पुन्हा मिळाल्या. महार वतनाच्या जमिनीही मिळाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही अशा अटीवर. ही अट गरिबाच्या संरक्षणासाठी होती. ती जमीन कागदावर एकाच्या नावे आणि कब्जा दुसऱ्याचा, असे प्रकार मात्र घडतच राहिले. आपल्या गावचा सातबारा आणि जुने फेरफार काढून ‘इनाम वर्ग सहा ब’ असा शेरा असलेल्या जमिनी आज कोण कसतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा पाहावे. पदवीचा अर्थ कोशात सापडतो. तिचा उपयोग काय झाला, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडते.

प्रजासत्ताकाचा निर्णय

राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने, सैनिकी वा विद्याविषयक सन्मान वगळता राज्याने कोणालाही पदवी देऊ नये, असे ठरवले. हे कलम मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, समानतेच्या हक्काखाली आहे. घटनासमितीत बाबासाहेबांनी याबाबत एक मार्मिक खुलासा केला: पदवी न स्वीकारणे हा हक्क नसून नागरिकावर टाकलेले कर्तव्य आहे. हे वाक्य आपण विसरतो. समानता ही सरकारकडून मागून घ्यायची गोष्ट आहे, तशी ती नागरिकाने स्वतः पाळायचीही गोष्ट आहे.

संस्थानिकांच्या बाबतीत मात्र घटनेने आरंभी अपवाद केला होता. विलीनीकरणाच्या करारांनुसार त्यांना तनखे व विशेष मान चालू राहिले. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला २६ लाख रुपये मिळत, तर सौराष्ट्रातील कटोडियाच्या अधिपतीला अवघे १९२ रुपये. या १९२ रुपयांत पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न राज्याने दिलेल्या मान्यतेचा होता. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत दोन-तृतीयांश बहुमताला एका मताचा काही अंश कमी पडला. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली गेली, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अखेर १९७१ च्या डिसेंबरात सव्विसावी घटनादुरुस्ती झाली. तनखे आणि मान्यता दोन्ही संपली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. पुढे १९९५ मध्ये पद्म सन्मानांबाबत निर्णय देताना, हे सन्मान घटनाबाह्य नाहीत, पण ते नावाच्या मागेपुढे पदवीसारखे लावता येणार नाहीत, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे स्वतःच्या कर्तृत्वाने ‘पद्मश्री’ मिळवणाऱ्याने ती नावाआधी लावायची नाही. आणि पणजोबाच्या नावावर ‘श्रीमंत’ म्हणवून घेणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही!

असे का होते, हे इतर देशांशी ताडून पाहिले म्हणजे कळते. ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये सरदारी पदव्या रद्द केल्या आणि त्या वापरण्यासही बंदी घातली. जर्मनीने त्याच वर्षीच्या घटनेने पदवीचे आडनाव करून टाकले: शब्द राहू द्या, हक्क नाही. इंग्लंडने मोडतोड न करता सावकाश कातरी चालवली. टोनी बेन हे मजूर पक्षाचे खासदार. १९६० मध्ये वडील वारले आणि व्हायकाउंट ही पदवी वारशाने त्यांच्या गळ्यात पडली. त्यामुळे लोकसभेतली जागा गेली. त्यांनी पोटनिवडणूक लढवली, जिंकली, तरी त्यांना बसू दिले नाही. त्यांच्या झगड्यातून १९६३ मध्ये पदवीचा त्याग करण्याची मुभा देणारा कायदा झाला. लोकांनी निवडून दिलेले असणे हे जन्माने मिळालेल्या मोठेपणापेक्षा मोठे आहे, हे सिद्ध करायला एका समाजवाद्याला तीन वर्षे भांडावे लागले. तेथील उमराव सभेतून १९९९ मध्ये वंशपरंपरागत सदस्य ९२ वगळता बाहेर काढण्यात आले, आणि त्या उरलेल्यांनाही दूर करण्याचे विधेयक २०२४ मध्ये मांडले गेले.

आपला मार्ग जर्मनीच्या जवळचा आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, फडणीस ही आता आडनावे झाली. पाटील आडनावाचा गिरणीकामगार असतो आणि देशमुख आडनावाची शिक्षिका असते. त्या आडनावांशी आपले काही भांडण नाही. भांडण आहे ते आडनावाच्या मागे पुन्हा वतन उभे करण्याशी.

आजचा उपयोग

हे वतन आज कसे उभे राहते? ज्याला राज्याने मान्यता नाकारली, त्याला मान्यता आता समाज देतो. लग्नपत्रिकेवर ‘श्रीमंत’ छापले जाते. जत्रेत आणि पोळ्याला पहिला मान कोणाच्या बैलांचा यावरून डोकी फुटतात. निवडणुकीच्या फलकावर उमेदवाराच्या कामापेक्षा त्याच्या घराण्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते. आणि जेथे जुने राजे नाहीत तेथे नवे तयार होतात: साखर कारखान्याचे, शिक्षणसंस्थेचे, मतदारसंघाचे. बाप आमदार, मग मुलगा, मग सून. येथे घटनेचे अठरावे कलम पोचत नाही, कारण येथे पदवी राज्य देत नाही. ती आपण देतो.

आपल्या भाषेनेही या बाबतीत पुरावा सांभाळून ठेवला आहे. पेशव्यांना लावले जाणारे ‘श्रीमंत’ हे संबोधन आज पैसेवाल्या माणसाचे विशेषण आहे. ‘सरकार’ हा शब्द शासनालाही आहे आणि वाड्यातल्या मालकालाही आहे. शेतमजूर जमीनदाराला ‘सरकार’ म्हणतो आणि कचेरीतल्या कारकुनापुढेही ‘मायबाप सरकार’ म्हणून हात जोडतो, तेव्हा त्याच्या मनात हक्क मागणारा नागरिक अजून जन्मलेला नसतो. नागरिक घडवणे हे तर आपल्या कामाचे मूळ आहे. म्हणून हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही.

येथे दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते प्रामाणिक असल्यामुळे त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की सर्वच राजे वाईट नव्हते. खरे आहे. शाहू महाराजांचे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी शिक्षण सक्तीचे व मोफत केले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यकारभार सोपवला. परंतु नीट पाहा: शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले होते. सयाजीराव हे कवळाणे गावातल्या शेतकरी कुटुंबातले पोर; १८७५ मध्ये दत्तक घेतले गेले आणि मग त्यांना उत्तम शिक्षण मिळाले. सयाजीरावांचे मोठेपण हा वंशाचा महिमा नाही. तो संधीचा महिमा आहे. कवळाण्यासारख्या हजारो गावांतून ज्या मुलांना कोणी दत्तक घेतले नाही, त्यांच्यात किती सयाजीराव वाया गेले, हा आपला प्रश्न आहे. आणि या तिन्ही राजांची ज्या कामांसाठी आपण आठवण काढतो, ती कामे वारशाची सत्ता कमी करणारी, निदान ती सर्वांसाठी वापरणारी होती.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभिमानाचा. पदवी नाकारणे म्हणजे पूर्वजांचा अपमान, असे म्हणतात. उलट आहे. ज्याने पराक्रम केला त्याचा मान त्याचाच राहू द्यावा. तो सात पिढ्यांत वाटून पातळ करणे हा त्याचा अपमान आहे. इतिहास सर्वांचा असतो. गडाची भिंत बांधणारा पाथरवट, घोड्याला चंदी घालणारा मोतद्दार आणि लढाईत पडलेला शिलेदार यांचे वंशजही त्या इतिहासाचे तितकेच वारस आहेत. त्यांच्या नावाच्या याद्या कोणी ठेवल्या नाहीत, एवढेच.

मग आपण करायचे काय? कोणाची पाटी फोडायला जाऊ नये, कोणा वृद्धाला लोक प्रेमाने जुन्या नावाने हाक मारत असतील तर तेथे वादही घालू नये. आपण आपल्यापासून सुरुवात करावी. आपल्या पत्रकांत, निमंत्रणांत आणि व्यासपीठावर कोणाच्याही नावाआधी वारशाची पदवी लावू नये. सभेत पुढची खुर्ची घराण्यासाठी राखू नये. उमेदवार ठरवताना त्याचे काम विचारावे, त्याचा वाडा विचारू नये. आणि हा नियम आपल्या पक्षातल्या जुन्या नेत्यांच्या मुलांनाही लावावा, नाही तर तो नियमच नव्हे. वतनाच्या जमिनींचे दप्तर तपासून ज्यांचा हक्क आहे त्यांना तो मिळवून देण्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि गरज पडली तर सत्याग्रह करावा. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे.

एकोणिसशे एकाहत्तरमध्ये राज्याने आपली सही मागे घेतली. त्यानंतरच्या प्रत्येक ‘राजे’ या हाकेखाली सही आहे ती हाक मारणाऱ्याची. ती करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही वाड्यात नाही. तो आपल्यापाशी आहे, आणि बाबासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ते आपले कर्तव्य आहे.